रंगाविना लाल दुवा: चार टेक्स्ट ब्राउझर आणि सहा विकी तपासताना

विकीवर ज्या विषयाचे पान अजून कुणी लिहिलेले नाही त्याचा दुवा लाल दिसतो, असलेल्या पानाचा निळा. टर्मिनलमधल्या, फक्त अक्षरे दाखवणाऱ्या टेक्स्ट ब्राउझरमध्ये हा फरक गळून पडतो. दोन्ही दुवे एकाच रंगात, एकसारखेच ठळक. वाचणारा एंटर दाबतो आणि माहितीऐवजी रिकामी संपादनाची चौकट समोर येते. मागे या, पुढचा दुवा उघडा, पुन्हा तीच चौकट. जोडणी मंद असली किंवा ब्रेल डिस्प्लेवर एका वेळी चाळीस अक्षरे वाचायची असली, तर अशा दहा फेऱ्यांत माणूस वैतागतो.

दोष ब्राउझरचा की विकीचा, हे आधी पाहू. मीडियाविकी, म्हणजे विकिपीडियामागचे सॉफ्टवेअर, नसलेल्या पानाच्या दुव्यात तीन गोष्टी वेगळ्या लिहिते: ‘न्यू’ नावाचा क्लास (रंगरूप ठरवण्यासाठीची खूणचिठ्ठी); ‘ॲक्शन=एडिट’ आणि ‘रेडलिंक=१’ असे शेपूट असलेला पत्ता; आणि टायटल या गुणधर्मात पानाच्या नावापुढे ‘पान अस्तित्वात नाही’ अशा अर्थाची टीप. तिन्हींपैकी एकही गोष्ट दुव्याच्या दिसणाऱ्या अक्षरांत नाही. लाल रंग येतो स्टाइलशीटमधून, म्हणजे पानाच्या रंगरूपाच्या फाइलीतून, आणि जो ब्राउझर स्टाइलशीट वाचतच नाही त्याच्यापर्यंत तो पोचायचा कसा? वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत १.४.१ हा नियम नेमका यासाठीच आहे: माहिती फक्त रंगावर सोडू नका. तो ‘ए’ पातळीचा, म्हणजे अगदी किमान अपेक्षेतला नियम. दोष विकीकडे झुकतो, तो इथेच.

आणि हे विकीला कधी जमतच नव्हते असेही नाही. वॉर्ड कनिंगहॅम यांच्या १९९५ सालच्या पहिल्या विकीत नसलेल्या पानाच्या नावाला लागून प्रश्नचिन्ह यायचे. यूजमॉड विकीने तीच पद्धत उचलली आणि नावात एकाहून जास्त शब्द असतील तर सगळे नाव चौकटी कंसात घातले, म्हणजे प्रश्नचिन्ह नेमके किती शब्दांचे हे कळावे. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला तो यूजमॉडवरच. लाल रंग नंतरच्या सॉफ्टवेअरबरोबर आला. पुढे मीडियाविकीच्या पसंतीच्या पानावर लाल रंगाऐवजी प्रश्नचिन्ह दाखवण्याचा पर्याय बरीच वर्षे होता. तो काढून टाकला गेला. अशा प्रत्येक पसंतीपायी एकाच पानाच्या वेगवेगळ्या प्रती कॅशमध्ये, म्हणजे तयार पानांच्या साठ्यात, ठेवाव्या लागतात, ही अडचण खरीच. पण टेक्स्ट ब्राउझरवाल्यांच्या हातातली एकमेव सोय त्याबरोबर गेली.

ब्राउझर

नावांचा गोंधळ आधी निस्तरू. कॅन्सस विद्यापीठात १९९२ साली जन्मलेला, रानमांजराच्या नावाचा ब्राउझर आणि मिकुलाश पातोच्का यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला दुसरा ब्राउझर, या दोघांची नावे देवनागरीत एकसारखीच उमटतात. इथे पहिला तो ‘लिंक्स’, दुसरा तो ‘ट्विब्राइट लिंक्स’. त्या दुसऱ्यातून फुटलेला तो ईलिंक्स. चौथा डब्ल्यू३एम.

लिंक्स जसा मिळतो तसा वापरला तर लाल दुव्याबाबत ठार आंधळा आहे. वाचताना टायटल दाखवत नाही, क्लासकडे बघत नाही. पण त्याच्या पोटात बरीच हत्यारे आहेत. पहिले काम: ‘ओ’ दाबून पर्यायांचे पान उघडा, यूजर मोड ‘ॲडव्हान्स्ड’ करा, पर्याय डिस्कवर साठवण्याची खूण करून मान्य करा. आता निवडलेल्या दुव्याचा पत्ता पडद्याच्या शेवटच्या ओळीत दिसू लागतो. सर्वांसाठी एकदाच करायचे तर लिंक्सच्या सीएफजी फाइलीत ‘डिफॉल्ट_यूजर_मोड’पुढे ‘ॲडव्हान्स्ड’ लिहा.

इथे मराठी वाचकाला एक खड्डा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचे, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरे. ‘ज्ञानकोश’ या शब्दात हलन्त, काना, मात्रा धरून आठ चिन्हे आहेत. पत्त्यात तो शब्द ७२ अक्षरे खातो. मराठी विकिपीडियावर त्याआधीचा भागच ४३ अक्षरांचा. झाले ११५, आणि ‘रेडलिंक=१’ त्याच्याही पुढे. ऐंशी रकान्यांच्या टर्मिनलवर ते शेपूट कधीच दिसणार नाही. म्हणून नजर उजवीकडे नको, डावीकडे ठेवा. असलेल्या पानाचा पत्ता यजमानाच्या नावानंतर ‘विकी’ या फोल्डरने सुरू होतो. नसलेल्याचा ‘डब्ल्यू’ आणि ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ने. पहिल्या चाळीसेक अक्षरांतच निकाल लागतो. मात्र ज्या विकीने छोटे पत्ते बसवलेले नाहीत तिथे असलेले पानही ‘इंडेक्स डॉट पीएचपी’नेच सुरू होते, आणि ही युक्ती बाद.

त्यावर लिंक्समध्ये दुसरी वाट आहे: मोठा ‘ए’. छोटा ‘एल’ही पानावरच्या दुव्यांची यादी देतो, पण मोठा ‘ए’ दाबला तर त्यांचे पूर्ण पत्ते येतात. त्या यादीत तिरप्या रेघेने ‘रेडलिंक’ शोधा आणि ‘एन’ने पुढे जात राहा. वाचताना हे गैरसोयीचे, पण एखाद्या पानावर किती दुवे पोकळ आहेत हे पाहायला झकास. कमांड ओळीवर तर आणखी सोपे: लिंक्सला ‘-डंप’ आणि ‘-लिस्टओन्ली’ हे दोन पर्याय द्या आणि उत्तर ग्रेप या ओळी गाळणाऱ्या कमांडमधून ‘रेडलिंक=१’साठी गाळा.

तिसरे हत्यार रंगाचे. लिंक्स स्वतःची एलएसएस नावाची छोटी स्टाइलशीट वाचतो, आणि तिला क्लास कळतो. ओळीची रचना अशी: घटकाचे नाव, टिंब, क्लास, मग कोलन आणि एकरंगी टर्मिनलसाठीचा गुण, मग कोलन आणि रंग. ‘ए’, टिंब, ‘न्यू’, मग ‘रिव्हर्स’, मग ‘रेड’ अशी ओळ घातली की मीडियाविकीसाठीची जुळणी झाली. डोकुविकीसाठी क्लासच्या जागी ‘विकीलिंक२’ लिहा. एकरंगी गुण रिकामा सोडू नका; काळ्या-पांढऱ्या टर्मिनलवर तोच उपयोगी पडतो. फाइल ‘-एलएसएस’ पर्यायाने किंवा ‘लिंक्स_एलएसएस’ या पर्यावरण-चलातून द्यायची. ही सोय बांधणीच्या वेळीच चालू केलेली असावी लागते: मदतीच्या यादीत ‘-एलएसएस’ दिसत नसेल तर तुमच्या प्रतीत ती नाही आणि ओळ कितीही अचूक असली तरी काही घडणार नाही. डंपमध्येही रंग उतरत नाहीत, हे लक्षात असू द्या.

डब्ल्यू३एम या चौघांत उजवा, आणि तोही जवळजवळ फुकटात. ‘ओ’ दाबून पर्याय उघडा, दुव्याचा पत्ता आपोआप दाखवा हा पर्याय चालू करा, ओके करा. आता दुव्यावर कर्सर गेला की खालच्या ओळीत आधी चौकटी कंसात टायटल येते, मग पत्ता. म्हणजे मीडियाविकीवर ‘पान अस्तित्वात नाही’ ही टीप सरळ वाचता येते, ७२ अक्षरांची टक्केवारी उलगडत बसावे लागत नाही. जोडीला पत्ता उलगडून दाखवण्याचा ‘डीकोड_यूआरएल’ पर्यायही चालू केला तर पत्त्यातली देवनागरी देवनागरीतच दिसते. उणीव एकच, पण मोठी: हे फक्त कर्सरखालच्या दुव्यापुरते. परिच्छेद नजरेखालून घालताना कुठला दुवा पोकळ आहे हे डब्ल्यू३एमही सांगत नाही.

ट्विब्राइट लिंक्स खालच्या ओळीत पत्ता दाखवतो, स्टाइलशीट वाचत नाही. या कामासाठी त्याच्याकडे आणखी काही नाही.

ईलिंक्स मात्र स्टाइलशीट थोडीफार वाचतो: रंग, पार्श्वभूमी, ठळक, अधोरेखित इतके. म्हणून विकीचा लाल रंग त्यात आपोआप दिसेल असे वाटते. भरवसा ठेवू नका. नव्या साच्यांच्या स्टाइलशीटमध्ये रंग व्हेरिएबलमधून येतात, आणि ती भाषा ईलिंक्सच्या जुन्या वाचकाला येत नाही. स्वतःची फाइल ठेवणेच बरे. ईलिंक्सच्या फोल्डरात एक सीएसएस फाइल करा, तीत ‘ए’ टिंब ‘न्यू’साठी लाल रंग आणि अधोरेखन लिहा, आणि पर्यायांत डॉक्युमेंट, सीएसएस, स्टाइलशीट या जागी तिचे नाव द्या. रंग दिसले नाहीत तर टक्क्याच्या चिन्हाची की दाबून पाहा. ती दस्तऐवजाचे रंग घेण्याची पद्धत बदलते आणि चुकून दाबली गेली की माणूस अर्धा तास फाइलीत चूक शोधत बसतो.

ईलिंक्समध्ये याहून दमदार सोय आहे ती हुकची, म्हणजे त्याच्या कामात मधेच आपला कोड घालण्याची. पायथन किंवा लुआ ही भाषा घालून बांधलेल्या प्रतीत ‘प्री_फॉरमॅट_एचटीएमएल_हुक’ नावाचे फंक्शन लिहिता येते; पान मांडण्याआधी त्याचा सगळा मजकूर त्या फंक्शनच्या हाती येतो. तिथे ‘रेडलिंक=१’ असलेला उघडणारा ‘ए’ टॅग शोधायचा आणि त्याच्या लगेच पुढे प्रश्नचिन्ह घालायचे. दोन चुका हमखास होतात. एक, क्लास आणि पत्ता ठराविक क्रमाने येतील असे गृहीत धरणे. तो क्रम बदलतो. दुसरी, शोधाचा नमुना अधाशी ठेवणे. मग तो आधीच्या कुठल्यातरी चांगल्या दुव्यापासून सुरू होऊन थेट लाल दुव्यावर संपतो आणि खूण भलत्याच नावावर बसते. नमुना एका टॅगच्या बंद होणाऱ्या कोनी कंसापलीकडे जाता कामा नये. तुमच्या प्रतीत हुक आहेत का, हे ‘-व्हर्जन’ पर्यायाने मिळणाऱ्या यादीत स्क्रिप्टिंगच्या नोंदीवरून कळते.

ही सगळी ठिगळे. प्रत्येक वाचकाने आपल्या यंत्रावर आपापली लावायची, आणि तीही विकीचा क्लास किंवा पत्त्याची घडण माहीत असेल तर.

विकी

डोकुविकीपासून सुरुवात करू, कारण टेक्स्ट ब्राउझरला तो सर्वांत कमी सांगतो. असलेल्या पानाला ‘विकीलिंक१’, नसलेल्याला ‘विकीलिंक२’, एवढा क्लासचा फरक. पत्ता दोन्हीकडे सारख्याच घडणीचा. त्यात संपादनाचा उल्लेख नाही. टायटलमध्ये नुसते पानाचे नाव. म्हणजे लिंक्सची खालची ओळ, मोठा ‘ए’, डब्ल्यू३एमचे टायटल, सगळे एकदम निकामी. एवढे हलके, फाइलींवर चालणारे, टर्मिनलप्रेमी लोकांच्या आवडीचे सॉफ्टवेअर याच बाबतीत मुके असावे हे खटकते.

पण दुरुस्ती डोकुविकीतच सर्वांत सोपी आहे. एक रेंडरर, म्हणजे पान मांडणारे, प्लगइन लिहायचे, मूळ एक्सएचटीएमएल रेंडररवरून बेतलेले. त्यात ‘_फॉरमॅटलिंक’ एवढी एकच पद्धत बदलायची: दुव्याच्या माहितीत क्लास ‘विकीलिंक२’ असेल तर ‘नेम’मध्ये खूण जोडायची आणि मूळ पद्धतीला हाक मारायची. तिथे ‘प्री’ आणि ‘सफ’ या जागाही आहेत, पण त्यांतले अक्षर दुव्याच्या बाहेर पडते. का नको ते खाली येईल. मग कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये ‘रेंडरर_एक्सएचटीएमएल’साठी हे प्लगइन निवडा आणि साठवा. साठवले की जुनी कॅश आपोआप शिळी ठरते. डोकुविकी कॅश वापरण्याआधी दुव्यांमागची पाने आहेत की नाहीत हेही पडताळतो, त्यामुळे कुणी पान लिहिले की पुढच्याच भेटीत खूण गेलेली असते. इथे त्याला पूर्ण गुण.

फॉसविकी, पीएमविकी आणि आयकीविकी हे तिघे मूळचेच प्रश्नचिन्हवाले. फॉसविकीत नाव साधा मजकूर राहते आणि त्यामागच्या प्रश्नचिन्हाला दुवा असतो. पीएमविकीत नाव आणि प्रश्नचिन्ह दोन्ही वेगवेगळे दुवे. आयकीविकीत प्रश्नचिन्ह आधी, दुवा त्यालाच, मग नाव. टेक्स्ट ब्राउझरमध्ये तिन्ही जागच्या जागी कळतात, काही बसवावे लागत नाही. आयकीविकी सीजीआयशिवाय (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामशिवाय), निव्वळ स्थिर पाने म्हणून बांधला तर प्रश्नचिन्ह जाते आणि नुसते नाव उरते, दुव्याविना. वाचकापुरता हा सर्वांत प्रामाणिक वागणुकीचा नमुना: जिथे जायला जागा नाही तिथे दारच नाही.

तरी यांना पैकीच्या पैकी नाही. पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरमध्ये दुव्यांची यादी काढा. फॉसविकीच्या एखाद्या कच्च्या पानावर तीस पोकळ दुवे असतील तर यादीत एकाखाली एक तीस प्रश्नचिन्हे दिसतात, नाव एकाचेही नाही. पीएमविकीत नावे दिसतात, पण प्रत्येक पोकळ दुव्यावर खालच्या बाणाने दोनदा थांबावे लागते. दोन्हीकडे इलाज एका ओळीचा. फॉसविकीत ‘न्यूलिंकफॉरमॅट’ ही सेटिंग घ्या आणि नाव ‘ए’ टॅगच्या आत, प्रश्नचिन्हाशेजारी हलवा. पीएमविकीच्या स्थानिक कॉन्फिग फाइलीत ‘लिंकपेजक्रिएटएफएमटी’मधला दुसरा दुवा काढा आणि त्याचे प्रश्नचिन्ह पहिल्यात घाला. प्रश्नचिन्ह लहान दिसावे म्हणून त्याला वर चढवलेल्या अक्षराचा टॅग लावू नका. लिंक्स आणि डब्ल्यू३एम तो टोपीच्या चिन्हाने दाखवतात, आणि वाचकाला ‘^?’ असे विचित्र जोडपे दिसते.

मॉइनमॉइनने मधला मार्ग काढला: वापरकर्त्याच्या पसंतीत नसलेल्या पानांपुढे प्रश्नचिन्ह दाखवण्याची चौकट आहे, मुळात बंद. खाते नसलेल्या पाहुण्याला ती चौकट कुठून दिसणार? चालकाने ‘यूजर_चेकबॉक्स_डिफॉल्ट्स’मध्ये ‘शो_नॉनएक्झिस्ट_क्यूएम’ चालू केले तरच सर्वांना मिळते. मॉइनची १.९ मालिका पायथन २ वरच थांबलेली असल्याने नवा विकी त्यावर उभा करा असे काही सुचवत नाही. चालू असेल तर ही एक सेटिंग आजच बदला.

राहिला मीडियाविकी. पत्त्यातले ‘रेडलिंक=१’ ही त्याची जमेची बाजू, आणि ते फक्त शोभेचे नाही. पान दरम्यान कुणी लिहिले असेल आणि तुम्ही जुन्या दुव्यावरून गेलात तर संपादनाऐवजी थेट लेख उघडतो. पान तयार करण्याची परवानगीच नसेल तर चौकटीऐवजी ‘असे पान नाही’ हे पान येते. पण जाण्याआधी काही सांगायचे, ते नाहीच.

सगळ्यात जास्त सुचवला जाणारा उपाय म्हणजे कॉमन सीएसएसमध्ये, म्हणजे विकीच्या सामाईक स्टाइलशीटमध्ये, ‘न्यू’ क्लासच्या दुव्यामागे ‘आफ्टर’ने प्रश्नचिन्ह जोडणे. रंगांधळ्या पण चित्रमय ब्राउझर वापरणाऱ्या वाचकाला याचा उपयोग होतो. लिंक्स, डब्ल्यू३एम, ट्विब्राइट लिंक्स यांना शून्य; ज्या स्टाइलशीटमुळे रंग पोचत नाही तिच्यातूनच खूण पाठवून काय साधणार? गॅजेटमधून, म्हणजे विकीवरच्या ऐच्छिक जोडणीतून, जावास्क्रिप्टने खूण घालण्याची कथा तीच.

चालणारा उपाय सर्व्हरवरचा. मीडियाविकी १.२८ पासून ‘एचटीएमएलपेजलिंकरेंडररएंड’ हा हुक आहे. प्रत्येक दुवा तयार झाल्यावर तो चालतो आणि पान आहे की नाही हे ‘इजनोन’मध्ये तयार उत्तर हाती देतो; वेगळी विचारणा लागत नाही. ‘इजनोन’ खोटे असेल तर दुव्याच्या मजकुराला खूण जोडायची, बस्स. ठेचा लागतात त्या पुढे:

मजकूर कधी साधी स्ट्रिंग असतो, कधी ‘एचटीएमएलआर्मर’ नावाचे वेष्टन. सरळ प्रश्नचिन्ह जोडायला गेलात तर काही पाने नीट चालतात आणि एखादे पान घातक त्रुटी देऊन कोसळते. आधी ‘एचटीएमएलआर्मर’च्या ‘गेटएचटीएमएल’ने मजकूर मिळवा, तो दोन्ही प्रकारांत सुरक्षित उत्तर देतो, खूण जोडा, पुन्हा नव्या ‘एचटीएमएलआर्मर’मध्ये गुंडाळून परत ठेवा.

हुक लेखापुरता नाही, सगळीकडे चालतो. अलीकडील बदलांच्या यादीत ज्यांनी स्वतःचे सदस्यपान लिहिलेले नाही अशा प्रत्येकाच्या नावाला प्रश्नचिन्ह लागते, आणि यादी एखाद्या चौकशीसारखी दिसू लागते. नामविश्व (पानांचा गट) २ आणि ३, म्हणजे सदस्य आणि सदस्य चर्चा, वगळा.

कॅशची भानगड वेगळी. हुक लोकलसेटिंग्ज या मुख्य सेटिंग फाइलीतच लिहिला तर ती फाइल साठवताच जुनी कॅश बाद होते. हुक वेगळ्या फाइलीत असेल तर तसे होत नाही. अर्धी पाने खुणांसह, अर्धी खुणांविना दिसतात. लोकलसेटिंग्ज एकदा पुन्हा साठवा. पान तयार झाल्यावर खूण जाणे हे कामांच्या रांगेवर अवलंबून असते. मुळात दर भेटीला सरासरी एक काम उरकले जाते, त्यामुळे कमी वर्दळीच्या विकीवर लिहिलेल्या पानापुढे प्रश्नचिन्ह बराच वेळ लटकते. रांग उरकणारी ‘रनजॉब्स’ ही स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठराविक वेळी कामे चालवणाऱ्या सोयीत, लावा.

आणि पार्सॉइडने, म्हणजे मीडियाविकीच्या नव्या पार्सरने, मांडलेल्या पानांवर हा हुक लागू होत नाही. तिथे लाल दुव्यांची नोंद वेगळ्या टप्प्यात होते.

चित्रमय ब्राउझरवाल्यांना प्रश्नचिन्हांचा कंटाळा येणारच. तक्रारी त्यांच्याकडूनच येतात. त्यांच्यासाठी खूण एका स्पॅनमध्ये घाला आणि तो स्पॅन स्टाइलशीटने एका पिक्सेलच्या चौकटीत कातरून टाका. ज्यांना स्टाइलशीट कळते त्यांना रंग दिसेल, ज्यांना कळत नाही त्यांना खूण. ‘डिस्प्ले नन’ वापरू नका. त्याने स्क्रीन रीडरलाही ती मिळत नाही. आणि ‘यूजर-सिलेक्ट’ बंद करायला विसरू नका. नाहीतर लेखातला उतारा दुसरीकडे चिकटवताच डोळ्यांना न दिसलेली प्रश्नचिन्हे तिथे उगवतात, आणि ती कुठून आली याचा पत्ता लागत नाही.

खूण कुठे आणि कोणती

इंग्रजी विकीवर खूण नावामागे ठेवली तर बिघडत नाही. मराठीत बिघडते. मराठी लिहिणारा नावाला दुवा करतो आणि प्रत्यय बाहेर जोडतो: ज्ञानकोश हा दुवा, त्याला लागून ‘ात’. मजकुराची भाषा मराठी ठरवलेल्या मीडियाविकीत दुव्याला चिकटलेली देवनागरी अक्षरे दुव्यातच ओढली जातात आणि ‘ज्ञानकोशात?’ असे नीट दिसते. भाषा इंग्रजीच राहिली असेल तर फक्त ‘ए’ ते ‘झेड’ अक्षरे ओढली जातात, आणि डोकुविकीत अशी ओढाओढ मुळातच नाही. मग पडद्यावर येते ‘ज्ञानकोश?ात’. काना प्रश्नचिन्हावर टांगलेला, काही टर्मिनलवर ठिपक्यांच्या वर्तुळासकट.

म्हणून मराठी विकीसाठी खूण नावाआधी आणि दुव्याच्या आत: ‘?ज्ञानकोश’. दुव्यांच्या यादीत नाव दिसते, थांबा एकच, प्रत्यय मोकळा, आणि वाक्याच्या शेवटी खऱ्या प्रश्नचिन्हाशी टक्कर नाही. खूण आणि नाव यांत मोकळी जागा सोडू नका, ओळ तिथे तुटते आणि प्रश्नचिन्ह एकटेच आधीच्या ओळीच्या टोकाला राहते. तारका नको, तिला लोक तळटीप समजतात. खंजिराचे चिन्ह आस्कीत, म्हणजे मूळ इंग्रजी अक्षरसंचात, नाही; जुन्या टर्मिनलवर त्याचे काय होईल सांगता येत नाही. डब्ल्यू३एममध्ये शोध रेग्युलर एक्स्प्रेशनने, म्हणजे प्रश्नचिन्हाला वेगळा अर्थ असलेल्या नमुन्याने, चालतो, तेव्हा तिथे पुढचा पोकळ दुवा शोधताना प्रश्नचिन्हाआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. लिंक्समध्ये नुसते प्रश्नचिन्ह पुरते.

बसवून झाल्यावर तपासणी अशी. मीडियाविकीवरचे एखादे कच्चे पान निवडा. लिंक्सने एकदा फक्त दुव्यांची यादी डंप करून ‘रेडलिंक=१’ असलेल्या ओळी मोजा. मग ‘-नोलिस्ट’ देऊन मजकूर डंप करा आणि अक्षराला चिकटून आधी आलेली प्रश्नचिन्हे मोजा. पहिला आकडा एकदोनने जास्त आला तर घाबरू नका: चर्चापान लिहिलेले नसेल तर वरचा चर्चेचा टॅबही लाल असतो, आणि टॅब या हुकमधून जात नाहीत. फरक त्याहून मोठा असेल तर आधी वगळलेली नामविश्वे पाहा, मग कॅश.